हापूसच्या बागेत ‘किती फवारण्या झाल्या?’ हे सगळे विचारतात, ‘किती तुडतुडे मोजले?’ हे कोण विचारणार?

देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात थंडीची चाहूल लागली की आंबा बागायतदारांच्या गप्पा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात. यंदा किती फवारण्या झाल्या? कुणी तीन सांगतो, कुणी पाच. औषधांची नावं, कंपन्या आणि कुठल्या दुकानात काय भावानं मिळतं, याची देवाणघेवाण होते. शेजाऱ्यानं फवारलं हे कळलं की दुसऱ्या दिवशी आपल्याही बागेत पंप सुरू होतो.

या गप्पांमध्ये एक प्रश्न सहसा नसतो. फवारणीच्या आदल्या दिवशी एका मोहोरावर किती तुडतुडे होते? आणि चार दिवसांनी किती उरले?

प्रश्न अगदी साधा वाटतो. पण कोकणातल्या हापूसचं सध्याचं बरंचसं दुखणं या न विचारलेल्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. गेल्या काही हंगामांत अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी, अचानक वाढणारं तापमान आणि थ्रिप्स म्हणजेच फुलकिडी यांनी बागायतदार हैराण झालेत. ‘औषध मारूनही थ्रिप्स जात नाही’ ही तक्रार रत्नागिरीपासून सिंधुदुर्गापर्यंत ऐकू येते. सरकारकडे नुकसानभरपाईची मागणी होते, विद्यापीठाकडे नव्या औषधाची. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण या दोन्हींच्या आधी येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपल्या बागेत नेमकं काय चाललंय हे पाहायची, मोजायची आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायची सवय.

ही सवय लागते कशी? भाषणानं लागत नाही, पत्रक वाटून लागत नाही आणि ॲपनंही लागेलच असं नाही. याचा अनुभव जगभरातल्या शेतांत आणि कारखान्यांत घेऊन झालाय. महाराष्ट्रातही झालाय, तोही सह्याद्रीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

जास्त फवारणी, जास्त कीड. असं कसं होतं?

आधी बागेतलं गणित. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, अंगातून चिकट स्राव सोडतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. थ्रिप्स तर जेमतेम एक मिलिमीटरची कीड. कोवळी पालवी, मोहोर, लहान फळं खरवडून ती रस पिते आणि फळाची साल तपकिरी, खरबरीत होते. असं फळ आतून कितीही गोड असलं तरी वाशीच्या बाजारात त्याचा भाव पडतो.

आता समजा, तुडतुड्यांसाठी एक जहाल औषध मारलं. त्यानं तुडतुडे मेले, आणि त्याच झाडावर थ्रिप्स खाणारे मित्रकीटकही मेले. थ्रिप्सचा काही भाग मात्र वाचतो. काही किडी पालवीच्या घडीत लपलेल्या असतात, काही कोषावस्थेत झाडाखालच्या मातीत असतात. त्या बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. मग पुन्हा फवारणी. तेच किंवा त्याच गटातलं औषध वारंवार मारलं की ज्या किडींना ते सोसवतं त्यांचीच पुढची पिढी वाढते. नाव वेगळं, डबा वेगळा, पण आतला रासायनिक गट तोच, हेही दुकानात अनेकदा लक्षात येत नाही.

शिवाय ऐन फुलोऱ्यात फवारणी केली तर परागीकरण करणाऱ्या माश्या आणि मधमाश्याही मरतात. फळधारणा कमी झाली की दोष हवामानाला. कधी तो खरोखरच हवामानाचा असतो. पण मोजलेलंच नसेल तर कुणाचा दोष हे कळणार कुठून?

थ्रिप्स मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढरा कागद पालवीखाली धरायचा, पालवी हलकेच झटकायची आणि कागदावर पडलेले किडे मोजायचे. किती संख्येपर्यंत थांबायचं आणि कुठून पुढे फवारायचं, याच्या पातळ्या कृषी विद्यापीठं ठरवून देतात. कागद, पेन, वही आणि बागेतली अर्ध्या तासाची फेरी, इतकाच खर्च. तरीही हे होत नाही. आणि त्याचं कारण आळस नाही.

स्वतःच्या बागेत प्रयोग करणं इतकं अवघड का?

हापूस हे प्रयोग करणाऱ्याला फसवणारं झाड आहे. एका वर्षी भरभरून येतं, दुसऱ्या वर्षी रुसतं. त्यामुळे ‘मागच्या वर्षी अमुक औषध मारलं नव्हतं, यंदा मारलं आणि पीक दुप्पट आलं’ या वाक्यातून औषधाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ते झाडाचं देण्याचं वर्ष असू शकतं. थंडी वेळेवर पडली असू शकते. मोहोर उशिरा आल्यानं तो अवकाळी पावसातून वाचला असू शकतो.

मग तुलना करायची कशी? त्याच वर्षी, त्याच बागेत, काही झाडं वेगळी ठेवून. समजा बागेत 100 कलमं आहेत. त्यातल्या 4 कलमांवर ती एक विशिष्ट फवारणी करायची नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं. ही 4 झाडं एकाच कोपऱ्यातली नकोत, कारण कातळावरचं झाड आणि खाली खोलगट, सावलीच्या जागेतलं झाड सारखं वागत नाही. समुद्राच्या बाजूचं आणि आडोशाचं तर नाहीच नाही. झाडं चार ठिकाणची, शक्यतो सारख्या वयाची घ्यायची आणि दर आठवड्याला दोन्हीकडे मोजणी करायची.

यात धोका किती? या 4 झाडांचं निम्मं पीक गेलं असं धरलं, तरी बागेच्या उत्पन्नातला तोटा साधारण 2 टक्के. त्या बदल्यात मिळतं काय, तर ती फवारणी गरजेची होती की नव्हती याचं उत्तर. एक अख्खी फवारणी म्हणजे औषध, पाणी, पेट्रोल आणि मजुरी. ती टळू शकत असेल, तर 2 टक्क्यांचा धोका महाग नाही.

कागदावर हे सोपं आहे. पण मोहोर डोळ्यांसमोर काळा पडताना ‘ही चार झाडं तशीच राहू दे’ म्हणायला लागणारा धीर कागदावर मिळत नाही. तो सरावानं येतो, आणि बहुतेकदा कुणीतरी सोबत उभं असलं तर येतो.

शेतीशाळा कुठून आली?

हे सोबत उभं राहणं पद्धतशीरपणे पहिल्यांदा करून पाहिलं इंडोनेशियानं. 1980च्या दशकात तिथल्या भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं. सरकार कीटकनाशकांवर अनुदान देत होतं, शेतकरी फवारत होते आणि तुडतुडे वाढत होते. शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फवारणीनं तुडतुड्यांचे शत्रू, विशेषतः कोळी, मरतात आणि उद्रेक होतो. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर 57 कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. दशकभरात सुमारे दहा लाख शेतकरी त्यांतून गेले.

या शाळेत फळा नसतो. साधारण पंचवीस शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला एका शेतात जमतो. लहान गटांत विभागून झाडं निरखतात, कीड आणि मित्रकीटक मोजतात, मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढतात आणि या आठवड्यात काय करायचं हे इतरांसमोर मांडतात. इतर प्रश्न विचारतात. प्रशिक्षकाला सांगितलेलं असतं की शेतकऱ्यानं ‘हा किडा कोणता?’ असं विचारलं तर नाव सांगून मोकळं व्हायचं नाही. ‘तुम्हाला तो कुठे दिसला? तो काय खात होता?’ असं उलट विचारायचं. काही शाळांमध्ये किडा आणि पान एका बाटलीत ठेवून, तो पान खातो की दुसऱ्या किड्याला खातो, हे शेतकऱ्यांनाच पाहायला लावत.

महाराष्ट्रात कृषी विभाग हीच कल्पना ‘शेतीशाळा’ या नावानं राबवतो. तिला जोड मिळाली ती ‘क्रॉपसॅप’ची. 2008च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतरच्या वर्षी राज्यानं कीड सर्वेक्षणाचा हा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत नियमित मोजणी करायची, आकडे संगणकावर भरायचे आणि त्यावरून सल्ला द्यायचा. पुढे फळबागांसाठी ‘हॉर्टसॅप’ आलं आणि त्यात आंबाही आला.

कल्पना उत्तमच आहे. पण बारकाईनं पाहिलं तर इंडोनेशियाच्या शाळेत आणि या सर्वेक्षणात एक फरक आहे. तिथे मोजणारा शेतकरी होता. इथे मोजतो तो कृषी खात्याचा माणूस, आणि शेतकऱ्याला मिळतो तो सल्ला. मोजणीतून सवय ज्याला लागायची, त्याच्या हातात कागद येतच नाही.

शेतीशाळेचा उपयोग होतो, याचा पुरावा आहे?

आहे, आणि तो सरळ नाही.

2004 मध्ये जागतिक बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी इंडोनेशियातल्या शेतीशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत गेलेल्या शेतकऱ्यांच्या उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक त्यांना दिसला नाही. त्यावर बराच वाद झाला. इतर अभ्यासांत फवारणी कमी झाल्याचं दिसलं होतं. 2014 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला आणि चित्र थोडं स्पष्ट झालं. छोट्या, नीट चालवलेल्या शाळांत शेतकरी फायद्यात राहतात. तोच कार्यक्रम देशभर वाढवला की परिणाम विरतो. आणि शाळेत गेलेल्याकडून शेजाऱ्याकडे हे ज्ञान आपोआप पसरत नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सरकारी योजनांचा पाया नेमका त्याच्या उलट असतो. गावातल्या वीस-पंचवीस जणांना शिकवा, बाकीचे बघून शिकतील. बियाण्याचं नवं वाण असं पसरतं, हे खरं. हातात धरता येतं, पेरलं की दिसतं. पण ‘आधी मोज, मग ठरव’ ही रीत बघून उचलता येत नाही. शेजाऱ्याला फक्त इतकंच दिसतं की यानं या आठवड्यात फवारलं नाही. का नाही, ते त्याच्या वहीत असतं.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे दशावताराच्या उदाहरणानं चटकन कळेल. दशावतारी नाटकाची छापील संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद रंगमंचावर उभे राहतात. प्रेक्षकात बसून शंभर प्रयोग पाहिलेला माणूस जाणकार होतो, नट होत नाही. नट व्हायला रात्रीमागून रात्र उभं राहावं लागतं आणि प्रयोगानंतर जुन्या माणसाची बोलणी खावी लागतात.

कारखान्यातून आलेले पाच प्रश्न

हीच गोष्ट कारखान्यांच्या जगात अमेरिकी संशोधक माइक रॉदर यांनी मांडली. टोयोटा कंपनीची यंत्रं, फलक, साठ्याच्या पद्धती इतरांनी हुबेहूब उचलल्या, तरी टोयोटासारखे परिणाम मिळाले नाहीत. असं का, हे शोधताना त्यांना दिसलं की बाहेरच्यांनी उत्तरं उचलली होती, उत्तरं शोधायची रोजची सवय नव्हे. 2009 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘टोयोटा काता’ या पुस्तकात ती सवय सरावाच्या रूपात मांडली आहे. ‘काता’ हा जपानी शब्द. कराटेमध्ये एकच हालचाल अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात, ती म्हणजे काता.

यात प्रशिक्षक शिकणाऱ्याला रोज तेच पाच प्रश्न विचारतो. कुठे पोहोचायचंय? आत्ता प्रत्यक्षात कुठे आहात? मध्ये अडथळे कोणते, आणि त्यातला कोणता एक आता हाताळताय? पुढचं पाऊल काय, आणि त्यातून काय होईल असं वाटतं? त्यातून काय कळलं हे जाऊन कधी पाहायचं?

चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग सगळ्यात अवघड आहे. काय होईल हे आधी बोलून किंवा लिहून ठेवायचं. ‘या फवारणीनं पाच दिवसांत थ्रिप्स निम्म्यावर येतील’ असं वहीत लिहिलं आणि पाच दिवसांनी आकडा तोच निघाला, तर आपलं अनुमान चुकलं हे झाकता येत नाही. आधी लिहिलेलं नसेल तर मन सोयीस्कर आठवणी तयार करतं. फवारलं नसतं तर याहून वाईट झालं असतं, असं म्हणून मोकळं होता येतं.

प्रशिक्षकाला उत्तर माहीत असण्याची गरज नाही, हे या पद्धतीतलं बऱ्याच जणांना न पटणारं अंग. आपल्याकडे मार्गदर्शन म्हणजे तज्ज्ञानं सांगायचं आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. मेळावा, हार, सत्कार, दोन तासांचं व्याख्यान आणि जेवण. तज्ज्ञ निघून गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात प्रश्न विचारायला कुणी नसतं.

सह्याद्रीपलीकडचा प्रयोग परिवार

महाराष्ट्रात ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. संविधानात 1976च्या 42व्या दुरुस्तीनं हा दृष्टिकोन नागरिकाचं मूलभूत कर्तव्य झाला, त्याचा दाखला ते नेहमी देत. पण त्यांच्या थोरल्या भावानं हाच दृष्टिकोन बुवाबाजीपासून दूर, थेट द्राक्षाच्या मांडवाखाली नेला होता. ते काम आज तुलनेनं कमी लोकांना आठवतं.

श्रीपाद अच्युत दाभोलकर कोल्हापूरचे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांसोबत त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तिथे कुणी गुरू नव्हता. प्रत्येकानं आपल्या शेतावर काहीतरी करून पाहायचं, निरीक्षण लिहायचं, बैठकीत किंवा पत्रानं इतरांना कळवायचं. ज्याला जे साधलं त्या विषयात तो जाणकार. विद्यापीठातलं विज्ञान वाचायचं, पण ते आपल्या मातीत तपासल्याशिवाय मान्य करायचं नाही. ‘विपुलाच सृष्टी’ आणि इंग्रजीतलं ‘प्लेन्टी फॉर ऑल’ या पुस्तकांत त्यांनी हे सगळं मांडलं. 2001 मध्ये ते गेले. द्राक्षाचं ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात निवडलं गेलं, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आजही सांगली-नाशिकचा द्राक्ष बागायतदार छाटणीपासूनचे दिवस मोजत बोलतो. ‘आज बाग पंचेचाळीसाव्या दिवसावर आहे’, असं. हंगामाची नोंद त्याच्या भाषेतच शिरली आहे. युरोपच्या कडक नियमांनीही तिथे वही ठेवायला भाग पाडलं. 2006 पासून निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी आणि औषधांच्या अंशाची तपासणी ‘ग्रेपनेट’ या यंत्रणेतून होते.

आंब्याला असा धक्का बसला नाही असं नाही. मे 2014 मध्ये फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघानं भारतीय आंबा बंद केला आणि 2015 मध्ये ती बंदी उठली. पण तोडगा प्रामुख्यानं निघाला तो पॅकहाऊसमध्ये. 48 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर आंबा ठेवायची प्रक्रिया आली. फळमाशी बागेत असते, उपाय बागेबाहेर झाला. वास्तविक दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं फळमाशीसाठी ‘रक्षक सापळा’ विकसित केला आहे. तो झाडाला टांगून आठवड्याला किती माश्या अडकल्या हे मोजलं, तर तो सापळाही राहतो आणि मोजपट्टीही.

मासळीच्या धक्क्यावरही तोच पेच

मालवणात हा प्रश्न फक्त आंब्याचा नाही. 2023 मध्ये राज्यानं 54 प्रजातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासळी पकडू नये, असा हेतू. पण धक्क्यावर पट्टी लावून मोजेपर्यंत मासा मेलेला असतो. निर्णय त्याआधीच, जाळ्याचा आस निवडताना झालेला असतो. कुठल्या महिन्यात, कुठल्या आसाच्या जाळ्यात किती टक्के पिल्लं आली, याची नोंद मच्छीमार सोसायटीच्या पातळीवर राहिली तरच तो नियम समुद्रात पोहोचेल.

मग ॲप कशाला आहे?

2025 मध्ये राज्यानं ‘महाकृषी-एआय’ धोरण मंजूर केलं, त्यासाठी 500 कोटींची तरतूद जाहीर झाली. ‘महाविस्तार’ हे मराठीतून प्रश्नांना उत्तरं देणारं ॲपही आलं. पानाचा फोटो दाखवून रोग ओळखणं, हवामानाचा इशारा, बाजारभाव, हे सगळं उपयोगाचं आहे. तालुक्याला पोहोचायला अर्धा दिवस घालवणाऱ्या माणसासाठी तर फारच.

पण ॲप उत्तर देतं ते विचारलेल्या प्रश्नाचं. ‘थ्रिप्सवर कोणतं औषध मारू?’ असं विचारलं तर औषधाचं नाव येणार. ‘या वीस पालव्यांवर सरासरी इतके थ्रिप्स दिसतात, मागच्या आठवड्यात इतके होते, थांबू का?’ असं विचारायला आधी वीस पालव्या झटकाव्या लागतात. तंत्रज्ञान उलट दिशेनंही वापरता येईल. ॲपनं उत्तर देण्याआधी ‘तुम्ही मोजलंत का, किती निघाले?’ असं विचारलं आणि पाच दिवसांनी आठवण करून दिली, तर ते प्रशिक्षकाच्या कामाच्या जवळ जाईल.

बागेत वही कुणाच्या हातात द्यायची?

इथे सिंधुदुर्गाचा खरा गुंता आहे, आणि तासगावशी तुलना इथेच तुटते. द्राक्षबाग बहुधा मालक स्वतः पाहतो. हापूसच्या कितीतरी बागांचे मालक मुंबईत असतात. बाग कराराने दिलेली असते. करार घेणारा मुंबईच्या अडत्याकडून आगाऊ रक्कम उचलतो, कृषी सेवा केंद्रातून औषधं उधारीवर आणतो. प्रत्यक्ष झाडाजवळ चोवीस तास असतात ते नेपाळहून आलेले राखणदार आणि मजूर. मोहोर कधी काळवंडला, कुठल्या झाडावर चिकटा आधी आला, हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. निर्णयाच्या बैठकीत मात्र ते नसतात आणि शेतीशाळेच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

करार एक-दोन हंगामांचा असेल तर करारदाराला चार झाडं न फवारता ठेवण्यात काहीच हशील नाही. त्यातून मिळणारं ज्ञान पुढच्या करारदाराला उपयोगी पडेल, तोटा मात्र त्याचा. उधारीवर औषध देणारा दुकानदार हाच त्याचा रोजचा सल्लागार. दुकानदार वाईट असतो असं नाही, अनेकदा तोच एकटा वेळेला फोन उचलतो. पण ‘यंदा थांबा’ या सल्ल्यावर त्याचं बिल होत नाही.

त्यामुळे सवय लावायचा प्रयत्न बागेपेक्षा करारपत्रापासून सुरू करणं जास्त व्यवहार्य ठरेल. करार तीन-चार वर्षांचा. त्यात एक कलम, की दर हंगामात ठरावीक झाडं तुलनेसाठी वेगळी राहतील आणि त्यांच्या पिकातली घट मालक सोसेल. दुसरं कलम, की फवारणीआधीची आणि नंतरची मोजणी बागेच्या वहीत लिहिली जाईल आणि करार संपला तरी वही बागेतच राहील. मोजणी राखणदारानं केली तर त्याला त्याची वेगळी मजुरी. आणि आठवड्यातून एकदा त्या वहीसमोर बसून पाच प्रश्न विचारणारं कुणीतरी, मग तो सहायक कृषी अधिकारी असो, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातला तरुण संशोधक असो किंवा शेजारच्या वाडीतला बागायतदार.

यातली सगळ्यात महाग गोष्ट हे शेवटचं माणूसच आहे. कृषी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याकडे अनेक गावं असतात, आणि त्याच्या आठवड्यात पीकविमा, पंचनामे, अनुदानाचे अर्ज यांनंतर बागेसाठी काय उरतं, हे कुठल्याही तालुका कृषी कार्यालयात जाऊन पाहता येतं.